टक्

आमच्या भागात 'गूढ आवाज' ही वर्तमानपत्रात नेमाने येणारी बातमी आहे. कधी ती हिंगोलीच्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाची असते, कधी लातूरच्या निलंगा तालुक्यातल्या हासोरीची. २०२२ च्या सप्टेंबरात या आवाजांनी हासोरीच्या लोकांची झोप उडवली होती. मथळाही ठरलेला असतो. भूगर्भातून गूढ आवाज, नागरिक भयभीत, घाबरू नका असे प्रशासनाचे आवाहन. घाबरू नका असं प्रशासनाने म्हटलं की तोवर न घाबरलेले उरलेसुरले लोकही घाबरतात. मग यंत्रं घेऊन तज्ज्ञ येतात. खाली काळ्या पाषाणात, फार खोल नाही, बारीक बारीक धक्के बसतात आणि त्यांच्या लहरी वर येऊन हवेत शिरल्या की कानाला तोफ उडाल्यासारखं वाटतं, असं समजावून सांगतात. पटलं, म्हणून लोक माना डोलावतात आणि रात्री अंगणात बाजा टाकतात.

त्यांना हसावं असं काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं, त्याच्या आदल्या वर्षापासून तिकडे असेच धक्के आणि आवाज येत होते. गणपती बोळवून, दमून भागून लोक झोपले होते. तेव्हापासून लातूरकडच्या माणसाचा एक कान कायमचा जमिनीला लागलेला असतो. नांदेडचे आम्ही स्वतःला जरा निर्धास्त समजायचो. पण २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडे ४.५ चा धक्का बसला आणि सहा वाजून गेल्यावर आमच्या इमारतीतली सगळी प्रतिष्ठित मंडळी अनवाणी पार्किंगमध्ये उभी होती. एरवी एकमेकांशी पार्किंगवरूनच भांडणारी.

तर अशा मुलखात 'माझ्या गाडीच्या पुढच्या भागातून आवाज येतो' असं म्हणणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही. माणसं हातातलं काम बाजूला ठेवतात आणि विचारतात, "कसा येतो?"

माझा यायचा तो असा: टक्.

गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण शेवटी कंपनीचा त्यात काही दोष निघाला नाही. शहरात ही गाडी बघून लोकांना वाटतं, हा गृहस्थ वर्षातून एकदा तरी लडाखला जात असणार. मी जातो तो कंधार तालुक्यातल्या आमच्या शेतात. पावसाळ्यातली तिथली वाट ज्याने पाहिलेली नाही त्यालाच अशी गाडी चैन वाटते. आमची माती काळी, कापसाची. पाणी पिऊन ती फुगते आणि ज्याला धरते त्याला सोडत नाही. मागे एकदा माझी चप्पल तिने ठेवून घेतली ती दिवाळीनंतर परत केली. उन्हाळ्यात हीच माती आकसते आणि अशा भेगा पडतात की हातातली किल्ली निसटली तर ती थेट पुढच्या पिढीच्या नावावर. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर गाडीचा दांडा 'फोर लो'त टाकायचा आणि चिखल उडवत बांधापर्यंत जायचं, हा माझा पराक्रम. सोयाबीन काढून झालं, वाट सुकली, की गाडी पुन्हा साधी होते आणि नांदेडच्या सिग्नलला इतरांसारखी उभी राहते.

आवाज सुरू झाला तो दिवाळीनंतर. जोरात जाताना नाही. ऐंशीच्या वेगाने गाडी मुक्याने जायची. वेग कमी झाला, एकच चाक खड्ड्यात गेलं किंवा एकच चाक खड्ड्यातून वर आलं, की डावीकडून, पुढून, टक्. तेही दरवेळी नाही. मला ऐकू येईल तेव्हा शेजारी बसलेल्याला नाही, शेजाऱ्याला येईल तेव्हा मी हॉर्न वाजवत असायचो. हिच्या मते तो टक् नसून 'टुक' होता. मुलाला कानात बोंडं घातल्यामुळे जगातलाच कुठला आवाज ऐकू येत नव्हता. तरी त्याने मोबाइलमध्ये बघून मला आठ-दहा कारणं वाचून दाखवली. त्यातलं सगळ्यात स्वस्त सात हजारांचं होतं.

आवाज कुठून येतो हे कळायला माणसाला दोन कान दिलेत. ते काम कसं करतात, हे इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडून ठेवलं आहे. बारीक, तीक्ष्ण आवाज ज्या कानाला मोठा लागतो त्या बाजूचा धरायचा. जाड आवाज दोन्ही कानांना सारखाच मोठा लागतो, पण पोचताना तो एका कानाला किंचित आधी गाठतो आणि मेंदू तेवढ्या फरकावरून हिशेब लावतो. हिशेब पक्का आहे, पण तो डाव्या-उजव्याचा. कान डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेले असल्यामुळे पुढून आलेला आणि खालून आलेला आवाज दोघांनाही एकदमच पोचतो. मग मेंदू अंदाजपंचे 'पुढून' म्हणून शिक्का मारतो, कारण डोळे पुढे असतात. त्यात गाडी म्हणजे लोखंडाचा सांगाडा. पोलादातून आवाज हवेतल्यापेक्षा जवळपास पंधरापट वेगाने धावतो. एका टोकाला टकटक केली की दुसऱ्या टोकाचा पत्रा ओ देतो. ज्याने ओ दिली त्याला आपण पकडतो. करणारा नामानिराळा.

नांदेडचे आमचे उस्ताद देगलूर नाक्याच्या पुढे बसतात. त्यांना मी गाडी दाखवली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडून आवाज काढून घेतला. भर गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर, पन्नाशीच्या माणसाने तोंडाने 'टक्' करायचं असतं आणि समोरच्याने तितक्याच गांभीर्याने विचारायचं असतं, "टक् के ठक्?" मी दोन्ही करून दाखवले. उस्तादांनी टक् कायम केला. मग रीतसर तपासणी झाली. चाक जॅकवर उचलून वरून-खालून धरून हलवलं, म्हणजे बॉल जॉइंट आणि बेअरिंग. डावी-उजवीकडून धरून हलवलं, म्हणजे टाय रॉड एंड. टॉमी घालून बुश दाबून बघितले. ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवली. आवाज ब्रेकच्या पॅडचा असेल तर पाय ठेवताच बंद पडतो म्हणे. शेवटी उस्तादांनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक लोखंडाला लावलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. १८१६ मध्ये पॅरिसच्या एका इस्पितळात लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. उस्तादांना लाएनेक ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तो भेटला असता तर दोघांनी एका कटमधला अर्धा-अर्धा चहा नक्की घेतला असता.

आवाज आला नाही. ट्रायल मारायला बाहेर नेली, गटाराच्या उखडलेल्या फरशीवरून चार वेळा नेली, तरी नाही. "गाडी शरमा री साब," उस्ताद म्हणाले. "घर की समझी नै मेरे कू अब्बी." पैसे घेतले नाहीत. मला मात्र पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं. फुकटात निरोगी ठरवलेल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो.

दोन दिवसांनी टक् परत हजर. पुन्हा नेली, पुन्हा गप्प. त्यानंतर मी आवाज मोबाइलवर मुद्रित करायचा प्रयत्न केला. त्या ध्वनिफितीत इंजिनची घरघर, हिचं "समोर बघून चालवा" आणि एका बुलेटचा फटाका स्पष्ट ऐकू येतो.

एका गोष्टीचं मात्र या काळात नवल वाटत राहिलं. नव्वदच्या दशकात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या रस्त्याने मी काळ्या-पिवळ्या जीपमधून कितीदा गेलो असेन. १९४१ मध्ये अमेरिकेच्या सैन्यासाठी निघालेली विलीजची जीप, १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतलेली, फिरत फिरत आमच्याकडे वडाप म्हणून पोचली तेव्हा तिच्यात आठ-दहाच्या जागी वीस माणसं, दोन शेरडं आणि मागच्या दांड्याला लोंबकळणारा क्लीनर एवढं कुटुंब बसायचं. ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. त्या गाडीत वाजत नव्हती अशी वस्तूच नव्हती. पाटे करकरायचे, दार फडफडायचं, टपावरचं पोतं घसरायचं. पण 'आवाज येतोय' असं कधी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. कारण एक आवाज कानावर यायला आधी बाकीची शांतता लागते, आणि ती आम्ही आता हप्त्याने विकत घेतली आहे. रस्ते चौपदरी झाले, काचा घट्ट झाल्या, रबरं भारी आली. मग एका टक् साठी माणूस रात्री दोनला उठून बसतो.

मार्गशीर्षात सासूबाईंच्या मोतीबिंदूची तपासणी लातूरला ठरली आणि आम्ही त्याच रस्त्याने निघालो. धूळ खाल्लेली गाडी आणि नवाकोरा टक्. लोह्याला पंक्चरवाल्याने हवा बघता बघता कान दिला आणि टायर एका बाजूने खाल्लंय, आवाज त्याचाच, असा निकाल दिला. पुढे एका ढाब्यावर अलाइनमेंटचं दुकान काढलेला तरुण भेटला. त्याच्या मते अलाइनमेंट गेलं होतं. अहमदपूरच्या अलीकडे ट्रकचे पाटे बदलणाऱ्या एका म्हाताऱ्याने खाली वाकून बघितलं आणि माझ्या गाडीला पुढे पाटेच नाहीत हे कळल्यावर उदास होऊन म्हणाला, "तेच तर. पाटे असते तर आवाज आला नसता."

या सगळ्यांत मला पटलेला वैद्य वेगळाच होता. माळेगावची खंडोबाची यात्रा भरत आली होती. रस्त्याच्या कडेला घोडी, गाढवं, उंट, लाल कंधारी बैल उतरत होते. ट्रकातून घोडे उतरवताना वाट अडली म्हणून मी गाडी कडेच्या मातीत घातली, एक चाक खाली गेलं आणि टक्. चिलीम ओढत बसलेला एक फेटेवाला मान न वळवता म्हणाला, "डावा. पुढला." मी काच खाली केली. तो म्हणाला, "पुन्हा घ्या मागं." मी मागे घेतली, पुढे आणली. त्याने गाडीकडे बघितलंच नाही, समोरच्या झाडाकडे बघत ऐकलं. घोडा विकत घेताना तो पळवतात, ते पाय बघायला नव्हे, ऐकायला, असं त्याने मला नंतर समजावलं. लंगडतो तो पाय जमिनीवर हलका पडतो आणि चांगला पाय जड, त्यामुळे जो पाय मोठ्याने वाजतो तो बऱ्याचदा दुखरा नसतोच. "वाजतंय एक आन् दुखतंय एक आसं आसतंय बगा," तो म्हणाला आणि घोडीच्या मानेवर थाप मारून उठला. मला ते तेव्हा नीट उमगलं नाही. मी डावा पुढचा एवढंच धरून बसलो.

निलंग्याकडून सासूबाईंना घेऊन लातूरकडे वळलो तेव्हा त्या पुढे बसल्या होत्या. औशाच्या अलीकडे एका गावाजवळ गतिरोधक आला. रस्त्यांच्या शास्त्राप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा. आमच्याकडचे गतिरोधक अपघात झाल्यावर गावकरी रातोरात करतात, त्यामुळे उंची रागावर अवलंबून असते. मी कडेने, तिरकी गाडी घातली. टक्. सासूबाईंनी एका हाताने डॅशबोर्ड धरला. "थांबवा."

मी थांबवली. त्या काही वेळ तशाच बसल्या. किल्लारीच्या वेळी त्यांच्या गावातली दगडी माळवदं बसली होती. त्यांचं घर वाचलं, पण त्यानंतर कितीतरी वर्षं त्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपत आणि अजूनही दगडी भिंतीला खाट लावू देत नाहीत. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, आवाज पुढून नाही. खालून हाय."

मागे बसलेल्या हिने "आई, तुला सगळंच खालून येतं" असं म्हणून विषय संपवला. त्यात भर म्हणून सासूबाईंनी गाडीला दृष्ट लागली असल्याचंही सांगितलं आणि लातूरला उतरल्यावर लिंबू-मिरची बांधायला लावली. निदानाबरोबर उताराही दिल्यामुळे निदानाचं वजन गेलं.

मेहुणा लातूरचा, आडत बाजारातला. त्याला कुठलीही गोष्ट अर्ध्या तासात मार्गी लावायची सवय. "दाजी, नांदेडला दाखवता कशाला? हितं सोळा रस्त्यांवर सोळा मेकॅनिक हायत," असं म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे मला गंजगोलाईत नेलं. १९१७ मध्ये बांधलेली ही गोल पेठ, मध्ये देवीचं मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण पहाटे तिच्यासारखी चाचणीची जागा नाही. मेहुण्याच्या ओळखीच्या मेकॅनिकचं शास्त्र असं: गाडी सारखी उजवीकडे वळत राहिली की सगळा भार डाव्या चाकावर येतो. बेअरिंग गेलं असेल तर त्याचा हुंकार वाढतो. म्हणून तो गोलाईला फेऱ्या घालत होता आणि मेहुणा मागच्या सीटवर हात जोडून बसला होता, कारण देवी उजव्या हाताला ठेवून घातलेल्या त्या सगळ्या फेऱ्या प्रदक्षिणेतही धरता येत होत्या. एकाच डिझेलमध्ये दोन कामं. उजव्या बेअरिंगसाठी उलट्या फेऱ्या घालाव्या लागल्या असत्या, पण त्याला वाहतूक पोलीस आणि धर्मशास्त्र दोघांचीही मनाई. शिवाय आवाज डावीकडचा होता. बेअरिंग निर्दोष सुटलं.

मग मेकॅनिकने फळीचा एक तुकडा घेतला. तो दोन्ही चाकांखाली एकदम येईल असा आडवा टाकला, गाडी नेली: आवाज नाही. एकाच चाकाखाली टाकला: टक्. तो माझ्याकडे बघून हसला. मी पहिल्यांदाच एका मेकॅनिकसमोर आवाज ऐकत होतो. इतका आनंद झाला की मी मेहुण्याचा हात दाबला. "लिंक रॉड," मेकॅनिक म्हणाला. दोन चाकं बरोबर उचलली गेली तर बॅलन्स रॉडला पीळ बसत नाही. एकच उचललं की बसतो, आणि लिंकचा सांधा ढिला असेल तर तो बोलतो. तर्कात खोट काढायला जागा नव्हती. लिंक बदलली. मेहुण्याने पैसे दिले. मी पाकीट काढलं तर म्हणाला, "राहू द्या हो दाजी, नंतर बघू." मेकॅनिकच्या पोराने जाता जाता प्रेशर पंपाने गाडी खालूनवरून धुऊन दिली. काम चोख असल्याची ती खूण असते.

आणि आवाज गेला. समूळ. त्याच फळीवर, एक चाक, दोन चाकं, तिरकी, उलटी, काही नाही. मेहुण्याने वाटेत तीन ओळखीच्या माणसांना थांबवून ही कथा सांगितली. तिसऱ्या वेळेपर्यंत लिंकचा सांधा त्याने स्वतः शोधला होता. सासूबाई मागे बसून ऐकत होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "खाली काही बघितलं का कोणी?" मेहुणा म्हणाला, "आई, लिंक खालीच असती." त्यावर कोण काय बोलणार.

दोन दिवस लातूरला राहून आम्ही परतलो. लोह्याच्या अलीकडे, वळणावर, कडेच्या खड्ड्यात, टक्.

आता उस्तादांकडे जाताना मी गाडी धुतली नाही. त्यात काही विचार नव्हता, नळाला पाणी नव्हतं. नांदेडला गोदावरी भरून वाहत असली तरी नळाचं आणि तिचं फारसं बोलणं नसतं. उस्तादांनी धुळीने माखलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि जो प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता तो विचारला. "साब, आवाज कब आता वो तो तुम बोले. आता नै कब, वो बोलो."

मी आठवू लागलो. हायवेला येत नाही. ते झालं. पावसाळ्यात येत नव्हता. मध्ये एकदा अवकाळी पाऊस झाला, त्या आठवड्यात आला नाही. लातूरला लिंक बदलल्यावर दोन दिवस आला नाही. आणि...

"और मेरे पास लाए तब नै आया," उस्ताद म्हणाले. "दोनों बार. मेरे पास लाते तब क्या करके लाते तुम?"

मेकॅनिककडे मळकी गाडी न्यायची मला लाज वाटते. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी धुऊनच नेली होती.

उस्तादांनी काही न बोलता एक चाक अर्ध्या विटेवर चढवलं. मला आत बसवलं, पोराला डाव्या चाकाशी उकिडवं बसवलं आणि स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरले. भूकंपाचं केंद्र ठरवायला किमान तीन ठिकाणच्या नोंदी लागतात. एका ठिकाणाहून फक्त किती दूर ते कळतं, तिघांची गाठ पडते तिथे तो असतो. दोघाजणांनी गाडीला तिरका झोका दिला. मी ओरडलो, "पुढून!" पोरगं ओरडलं, "अंदर से!" गाडीखालून उस्तादांचा आवाज आला, "इधर है हरामी."

इंजिनच्या खाली दगड-धोंड्यांपासून वाचवायला जो जाड पत्रा असतो, ज्याला गॅरेजात चेंबर गार्ड म्हणतात, त्याचा डावीकडचा मागचा कोपरा होता तो. तिथला बोल्टच नव्हता. कधी पडला, कुठे राहिला, देव जाणे. आणि नसल्याचं कोणाला दिसलंही नव्हतं, कारण त्या जागी पत्रा आणि वरचा आडवा दांडा यांच्यामध्ये आमच्या शेतातली काळी माती पाचरीसारखी ठासून बसली होती. पावसाळाभर ती ओली होती, फुगलेली होती, आणि बोल्टाचं काम बोल्टापेक्षा इमानाने करत होती. दिवाळीनंतर ती सुकली, आकसली, दोन-तीन सुतांची फट पडली. एक चाक वर गेलं की सगळ्या चासीला पीळ बसायचा आणि पत्र्याचा मोकळा कोपरा दांड्यावर आपटायचा. दोन्ही चाकं बरोबर गेली की पीळ नाही, आवाज नाही. लिंकची आणि त्याची लक्षणं तंतोतंत एक. आणि गाडी धुतली की आत मुरलेल्या पाण्याने माती पुन्हा फुगायची, आणि तिची लाज राखून दोन दिवस गप्प बसायची.

उस्तादांनी टॉमी घालून तो गोळा काढला. विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढा, काळाकुळकुळीत, एका बाजूने पत्र्यासारखा गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला दांड्याची नक्षी उठलेला. त्यात सोयाबीनची एक चपटी शेंग होती, धसकटाचा तुकडा होता, ठिबकच्या नळीची एक बारीक चकती होती, आणि मधोमध, जिथे बोल्ट असायला हवा होता तिथे, बोल्टाच्या जाडीची मातीची कांडी. पोराने ती दोन बोटांत धरून फिरवली. आटे उमटले असावेत की काय म्हणून मीही वाकून बघितलं.

"इसकू वापस बिठाता मैं," उस्ताद म्हणाले, "पर हर आठ दिन कू पानी पिलाना पडेगा." मग त्यांनी डब्यातून एक बोल्ट, एक वॉशर आणि रबराचा तुकडा काढला, कसला, आणि ऐंशी रुपये सांगितले. लिंक मी डिकीतून काढून दाखवली तर हातात घेऊन हलवून बघितली. "ये तो अच्छी है. संभालके रखो."

घरी सासूबाईंना फोन केला. खालून होता, म्हटलं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि लिंबू-मिरची काढू नका असं सांगितलं, कारण लिंबू-मिरचीचा आणि बोल्टाचा काही संबंध नाही.

मेहुण्याला सांगणं अवघड होतं. मी माती, पाणी, फुगणं, आकसणं असं सगळं सविस्तर सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही, म्हणजे तो दुसऱ्या फोनवर सोयाबीनचा भाव बघत असणार. शेवटी म्हणाला, "ते मातीचं असंल दाजी, नाही म्हणत नाही मी. पण लिंक टाकल्यापासून गाडी रोडला धरून चालती का नाही, ते सांगा."

"चालती," मी म्हटलं. आणि खरंच, बरी चालत होती.

त्यावर त्याने व्हॉट्सॲपवर लिंकच्या बिलाचा फोटो पाठवला.